आमरीच्या दिव्याचा हिशेब

कुडाळच्या बाजारपेठेत तळमजल्यावर कापडाचे दुकान आणि वर बिऱ्हाड असलेले एक जुने घर आहे. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि बरेच खाली उतरलेले कौलारू छप्पर. उन्हाळ्यात अशा घरासारखे सुख नाही. परंतु मृग लागला, गॅलरीला प्लास्टिकचा आडोसा बांधला, की माजघरात भर दुपारी दिव्याशिवाय वही वाचता येत नाही. सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीच्या सुमारास दुकानाचे नूतनीकरण झाले, तेव्हा या घरी एका स्नेह्याकडून पांढऱ्या फुलांचे ऑर्किड भेट आले. फुले संक्रांतीनंतरही टिकली. पुढे दांडा वाळला, आणि जूनमध्ये झाडाची पाने लांब, लुळी व गडद हिरवी दिसू लागली. गडद हिरवा रंग पाहून घरच्यांना झाड सुखात आहे असेच वाटले. वस्तुतः ती उपासमारीची खूण होती.

धाकट्या मुलाने चौकशी करून एक दिवा मागवला. खोक्यावर ‘१००० वॉट’ असे ठळक छापले होते आणि उजेड जांभळा होता. माजघराला नाटकाच्या रंगमंचाची कळा आली. दिवा संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आठवणीने लागे आणि मध्यरात्रीपर्यंत चाले. आठवडाभरात सासूबाईंनी विषय काढला. “अगं, झाड जगवायचं म्हणून दिवा लावलास, ते ठीक. पण सकाळी केर काढताना सुपलीभर पंख निघतात, त्याचं काय?” सूनबाई म्हणाल्या, “आई, दिवा बंद केला तर झाड जाईल.” त्यावर सासूबाईंचे उत्तर एवढेच होते, “मग दोन्ही जगतील असं काहीतरी बघ.”

ही मागणी रास्त होती, आणि ती पुरी करणे अवघडही नव्हते. मात्र त्यासाठी दिवा घेण्याआधी जे प्रश्न विचारायला हवे होते, ते आता विचारणे भाग होते.

भेट म्हणून येणारे हे ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस जातीचे असते. ऑर्किडला मराठीत आमरी असेही नाव आहे. फॅलेनॉप्सिस हे नाव १८२५ मध्ये ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. त्याचा अर्थ पाखरासारखे दिसणारे. रात्री दिव्यावर झेपावणारे पाखरू, तेच. ज्या फुलाचे नाव पाखरावरून पडले, त्याच्याचसाठी रोज सुपलीभर पाखरे मरावीत, हा योग विचित्रच म्हणावा लागेल.

माणसाचा डोळा उजेडाच्या बाबतीत फार भिडस्त आहे. कमी असला तरी तक्रार करीत नाही. भर दुपारच्या उघड्या उन्हात उजेडाचे माप सुमारे एक लाख लक्स भरते. दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत ते शंभर ते तीनशे लक्स असते, आणि तरीही डोळ्याला खोली लख्ख वाटते. पानाला मात्र अशी सूट घेता येत नाही. फॅलेनॉप्सिस हे घरात वाढवण्याजोग्या ऑर्किडांपैकी सर्वांत कमी उजेडावर भागवणारे. तरी त्याला दिवसाचे दहा ते पंधरा हजार लक्स मानवतात. दिव्याखाली, रोज न चुकता बारा तास मिळणार असतील, तर सहा-सात हजारांवरही ते नांदते. कॅटलिया आणि डेंड्रोबियम यांची गरज वीस ते तीस हजारांची, आणि व्हँडाची त्याहून अधिक. माजघरातल्या तीनशे लक्सच्या उजेडात ठेवलेले झाड मरत नाही, हेच फसगतीचे कारण आहे. पानांत साठवलेल्या पुंजीवर ते पाच-सहा महिने काढते. मुद्दल संपेपर्यंत खाते चालू दिसावे, तसा हा प्रकार.

उजेड मोजण्याचे यंत्र विकत घ्यावे लागते असे नाही. मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप मिळतात. त्यांचा आकडा काटेकोर नसतो, परंतु तीनशे आणि सहा हजार यांतला फरक ती नक्कीच दाखवतात. मोबाइल पानाच्या जागी, दिव्याकडे तोंड करून धरावा. त्याहूनही सोपी कसोटी हाताच्या सावलीची आहे. पानाच्या फूटभर वर हात धरला असता सावली उमटलीच नाही, तर उजेड अपुरा. कडा अस्पष्ट पण सावली दिसते, तर फॅलेनॉप्सिसपुरता. आणि सावली रेखीव पडली, तर तो उजेड कॅटलिया किंवा व्हँडाचा. झाड स्वतःही सांगतच असते. गडद हिरवे पान म्हणजे कमी उजेड, किंचित पिवळसर झाक असलेले हिरवे पान म्हणजे योग्य, कडेला तांबूस रेघ आली म्हणजे मर्यादा गाठली, आणि पांढरा किंवा काळा डाग पडला म्हणजे पान भाजले.

आता खोक्यावरील आकड्याविषयी. व्यापारी घरात ठोक वजन आणि निव्वळ वजन यांतील भेद शाळकरी मुलालाही कळतो. बारदान वजा केल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. दिव्यांच्या बाजारात मात्र हीच माणसे ठोक वजनावर खरेदी करतात. ‘१००० वॉट’ असे लिहिलेला दिवा प्रत्यक्षात अनेकदा शे-सव्वाशे वॉटच वीज खातो. मोठा आकडा हा कुठल्या तरी जुन्या दिव्याशी केलेल्या तुलनेचा असतो. शिवाय वॉट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. जुना पिवळा बल्ब शंभर वॉट घेई आणि त्यातील जेमतेम पाच टक्क्यांचा उजेड करी. उरलेली सारी उष्णता. तेव्हा खोक्यावर शोधायची ती ल्युमेनची संख्या, आणि ती वॉटने भागून येणारे उत्तर. एका वॉटमागे शंभर किंवा अधिक ल्युमेन मिळत असतील, तर सौदा बरा. ही माहिती ज्यावर नाही, तो माल कितीही स्वस्त असला तरी परत करावा.

जांभळ्या रंगाचे प्रस्थ अर्ध्या सत्यातून निर्माण झाले आहे. पानातील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश विशेष शोषून घेते, म्हणून याच दोन रंगांचे दिवे एकत्र करून विकले जातात. पण कीथ मॅक्री यांनी टेक्सासमध्ये बावीस पिकांच्या पानांवर मोजण्या करून १९७२ मध्ये दाखवून दिले, की हिरवा आणि पिवळा प्रकाशही पान चांगला कामी लावते. साधा पांढरा एलईडी मुळात निळ्या प्रकाशावरच चालतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्या निळ्यावर पिवळसर लेप दिला की पांढरा उजेड तयार होतो, आणि त्यात पानाला लागणारे सगळे रंग कमीअधिक प्रमाणात असतात. जांभळ्या दिव्याचा आणखी एक दोष कापडवाल्याला तरी वेगळा सांगायला नको. त्या उजेडात साडीचा रंग कोणी पारखील काय? पानावर पडलेला रोगाचा डागही त्यात तसाच लपतो. या घरच्या झाडाच्या तळाशी एक पान कुजू लागले होते, ते दिवा बदलल्यावरच दिसले.

अंतराचे गणित कुडाळकरांनी लहानपणी पाहिलेले असते. जवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातील कलावंतांनी छायाबाहुल्यांचा खेळ जतन केला आहे. तिथे बाहुली दिव्याजवळ नेली की पडद्यावर तिची सावली भलीमोठी होते, कारण दिव्याजवळची एवढीशी वस्तूही उजेडाचा फार मोठा वाटा अडवते. पानाचेही असेच. ते दिव्याजवळ असेल तेवढा जास्त वाटा त्याच्या पदरात पडतो. एकाच गोल बल्बपासून अंतर दुप्पट केले, तर उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. लांब नळीच्या बाबतीत जवळच्या अंतरावर ही घट सौम्य असते. तिथे दुप्पट अंतराला साधारण निम्मा उजेड मिळतो. म्हणून फडताळातल्या किंवा मांडणीवरच्या कुंड्यांसाठी गोल बल्बपेक्षा लांब पट्टीचा दिवा बरा. छताला लावलेली ट्यूब कितीही झगझगीत असली, तरी सात-आठ फूट खाली असलेल्या पानाला तिचा उपयोग नाही. मुलाने मागवलेला दिवाही छताच्या कडीलाच टांगलेला होता.

अखेरीस या घरात जी व्यवस्था झाली ती अशी. माजघराच्या भिंतीकडील मांडणीवर चार फुटी, प्रत्येकी २० वॉटच्या दोन साध्या एलईडी पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या. एकेकीचे ल्युमेन सुमारे दोन हजार. पट्टी आणि सर्वांत वरचे पान यांत वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटरांच्या आसपास अंतर ठेवले. त्या जागी मोबाइलने सहा ते सात हजार लक्स दाखवले. मांडणीच्या मागे पांढरा रंग दिला, तेव्हा आकडा आणखी थोडा चढला. एलईडी पुढून फारसा तापत नाही, त्यामुळे इतक्या जवळूनही पान भाजले नाही. तरी पहिले दोन आठवडे अंतर दुप्पट ठेवून मग पट्ट्या खाली आणल्या, हे शहाणपणाचे झाले. अंधाराची सवय झालेले पान एकाएकी आलेला उजेड सोसत नाही.

खर्चाचे म्हणाल तर दोन पट्ट्या मिळून ४० वॉट; बारा तासांचे ०.४८ युनिट, महिन्याचे १४.४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला १४४ रुपये. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे ५७६. दुकानाच्या व्यापारी मीटरवर जोडणी दिली तर दर वेगळा लागतो, म्हणून घराच्या मीटरवर देणे इष्ट. एवढ्या वीजखर्चात मांडणीवर पाच-सहा कुंड्या मावतात, ही बाबही जमेला धरावी.

आता तासांचा प्रश्न, आणि सासूबाईंच्या सुपलीचा. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, व्हँडा अशा जाड पानांच्या ऑर्किडांची रीत इतर झाडांहून निराळी आहे. दिवसा पाण्याची वाफ उडून जाऊ नये म्हणून ती आपली पर्णरंध्रे बहुतांशी मिटून घेतात आणि रात्री उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेतात. तो आम्लाच्या रूपाने साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी उजेड पडल्यावर त्याची साखर होते. रात्री ट्रकमधून माल उतरवून घ्यावा आणि सकाळी दुकान उघडून विक्री करावी, असाच हा व्यवहार. दिवा चोवीस तास जळत ठेवला तर दुकान उघडे राहील, पण गोदामात मालच उतरणार नाही. अंधार हाही या झाडाचा आहार आहे. चोविहार पाळणाऱ्या घरात रात्री जेवणारे हे एकटेच, आणि त्याचे जेवण अंधारातच होते.

म्हणजे संध्याकाळी दिवा लावण्यात झाडाचा काहीही लाभ नव्हता. नुकसान मात्र दुहेरी होते. मग वेळ ठरली सकाळी सहा ते सायंकाळी सहा. कुडाळला जुलैत सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा दिवा सूर्यास्ताच्या आधीच तासाभराने विझतो. बाहेर उजेड असताना किडे दिव्याकडे येत नाहीत. रात्रीच्या किड्यांना विशेष ओढ असते ती अतिनील आणि निळ्या प्रकाशाची. एलईडीत अतिनील जवळजवळ नसतो, आणि पिवळसर छटेच्या, म्हणजे ३००० केल्विनच्या दिव्यात निळाही कमी असतो. पट्ट्या त्याच छटेच्या निवडल्या. फॅलेनॉप्सिसला ती छटा चालते. पहिल्या पावसानंतरच्या वाळवीच्या पंखांचा प्रश्न मात्र केवळ छटेने सुटला नसता. तो सुटला वेळेने.

वेळ पाळण्यासाठी टायमर लावावा, माणसाच्या आठवणीवर भिस्त ठेवू नये. मात्र येथे कोकणातल्या पावसाळ्याचा एक धडा आहे. चकतीचा साधा टायमर विजेवर फिरतो. वीज तीन तास गेली की त्याचे घड्याळही तीन तास मागे राहते. अशा दोन-तीन खेपा झाल्या की दिवा रात्री नऊपर्यंत जळू लागतो आणि सुपलीत पुन्हा पंख दिसू लागतात. या घरात जुलैच्या मध्यास नेमके हेच घडले. म्हणून आत बॅटरी असलेला टायमर घ्यावा, थोडा महाग पडला तरी. वीज गेली म्हणून हा दिवा इन्व्हर्टरवर घालण्याची आवश्यकता नाही. एखाद्या दिवशी उजेड कमी मिळाल्याने झाडाचे काही बिघडत नाही.

ओलावा ही दुसरी बाब. पावसाळ्यात कुडाळच्या हवेत भिंतसुद्धा घाम गाळते. अशा हवेत एलईडीच्या दाण्यांआधी त्यांना वीज पुरवणारा आतला भाग निकामी होतो. ‘आयपी ६५’ असा निर्देश असलेल्या पट्ट्या धुळीपासून आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित असतात. जोडणीचा सॉकेट मांडणीच्या वर असावा, खाली नको, म्हणजे कुंडीतील पाणी त्यावर ओघळणार नाही. पाणी घालताना बटण बंद करावे. घराला गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवलेला नसेल, तर झाडाच्या दिव्याआधी तो बसवून घ्यावा. यात काटकसर नको.

इतके केल्यावरही दिवा काय करू शकत नाही, हे ध्यानात असू द्यावे. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा येतो तो उजेडाबरोबरच गारव्याने. तापमान सतत २८-२९ अंशांच्या वर राहिले तर पाने येत राहतात, दांडा येत नाही. त्याला काही आठवडे गार रात्री लागतात. कुडाळला त्या मार्गशीर्ष-पौषात मिळतात, म्हणून त्या काळात झाड माजघरातून काढून गॅलरीत, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावे. आकाश निरभ्र असते, उजेडही फुकट असतो. किंबहुना ऑक्टोबरपासून मेपर्यंत ज्यांच्याकडे पूर्वेची गॅलरी आणि पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी जाळी आहे, त्यांना दिव्याची गरजच नाही. दिवा हा चार महिन्यांचा पाहुणा असावा.

व्हँडाच्या बाबतीत तर दिव्याचा विचारच करू नये. या वंशाचे नाव विल्यम जोन्स यांनी १७९५ मध्ये संस्कृतातील ‘वन्दा’ या शब्दावरून योजले. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला तो शब्द होता. लोक अजूनही ऑर्किडला बांडगूळ समजतात, पण बांडगूळ यजमान झाडाचा रस शोषते, ऑर्किड केवळ फांदीचा आधार घेते. व्हँडाला तीस हजारांहून अधिक लक्स घरात द्यायचे, तर विजेचे बिल पाहून घरचे हिशेबनीस तरी नक्कीच विरोध करतील. अंगणात पन्नास टक्क्यांच्या जाळीखाली ती टांगलेली बरी.

सह्याद्रीतली सीतेची वेणी तर घरात आणण्याची वस्तूच नव्हे. मे-जूनच्या सुमारास आंबोलीच्या परिसरात आंब्या-फणसाच्या आणि रानातल्या झाडांवर तिचे जांभळट-पांढरे घोस लोंबतात. तिच्या उजेडाचा बंदोबस्त निसर्गाने यजमान झाडाकडे सोपवला आहे. पानगळीच्या झाडांवर माघ-फाल्गुनात पाने झडली की तिला भरपूर ऊन मिळते आणि फुलांची तयारी होते. पावसात तीच फांदी पुन्हा पालवून सावली धरते. असे वेळापत्रक कोणत्याही टायमरला जमण्यासारखे नाही. फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांनी ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ या १९६६ च्या ग्रंथात या प्रदेशातील ऑर्किडांची सविस्तर नोंद केली, तेव्हापासून जंगले बरीच आक्रसली आहेत. संपूर्ण ऑर्किड कुल आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या कक्षेत येते. घरासाठी घ्यायचे झाड रोपवाटिकेत वाढवलेलेच असावे. रानातून ओरबाडलेले रोप कोणी स्वस्तात देऊ केले तरी ते दिव्याखाली टिकत नाही आणि रानही उजाड होते.

बाजारपेठेतल्या त्या घरी ऑक्टोबरपर्यंत फॅलेनॉप्सिसला दोन नवी पाने आली, जुन्यांपेक्षा आखूड, पण ताठ आणि किंचित पिवळसर हिरवी. जांभळा दिवा माळ्यावर गेला. मार्गशीर्षात झाड गॅलरीत हलवले, आणि आता पौषात पानाच्या बगलेतून एक हिरवा कोंब डोकावू लागला आहे. सासूबाईंच्या मते ते मूळ आहे, सूनबाईंच्या मते फुलाचा दांडा. मुळाचे टोक गोलसर आणि गुळगुळीत असते, तर दांड्याचे टोक थोडे चपटे, अंगठा वेगळा असलेल्या लोकरी हातमोज्यासारखे. कोंब अजून तांदळाच्या दाण्याएवढाच आहे. दहा-बारा दिवस थांबावे लागेल.